नगरात खावे कुठे, प्यावे कुठे

इसवी सन १८०३ च्या ऑगस्ट महिन्यात आर्थर वेलस्लीच्या फौजेने अहमदनगरची पेठ हल्ला करून घेतली. तारीख ८ होती. चार दिवसांनी, १२ तारखेस, किल्लाही त्याच्या हाती पडला. या प्रसंगासंबंधीचा एक उद्गार इंग्रज इतिहासकार मोठ्या आवडीने नोंदवीत आले आहेत. वेलस्लीच्या छावणीत गोखले नावाचा एक मराठा पक्षाचा सरदार होता. त्याने आपल्या मित्रांना कळविले, की हे इंग्रज लोक विलक्षण आणि त्यांचा सेनापती तर त्याहून विलक्षण. सकाळी आले, पेठेच्या तटाकडे पाहिले, त्यावरून चालत गेले, आतली शिबंदी कापून काढली आणि न्याहारीला परत फिरले!

या उद्गारात इतिहासकारांना वेलस्लीचे शौर्य दिसते. माझे लक्ष मात्र प्रत्येक वेळी शेवटच्या शब्दापाशी अडते. लढाईहून परतल्यावर न्याहारी ठरल्या वेळी, ठरल्या जागी, दुसऱ्या कोणीतरी मांडून ठेवलेली असते, ही गोष्ट गोखल्यांना तटावर चढण्याइतकीच नवलाची वाटली असावी, असे मला वाटते. मराठ्यांच्या छावणीत अन्नाची रीत वेगळी होती. ज्याची चूल त्याने पेटवायची. पानिपतावर रात्री शेकडो चुली वेगवेगळ्या पेटलेल्या पाहून अब्दालीने 'हे लोक एकत्र जेवतही नाहीत' असे म्हटल्याची दंतकथा आपण सर्वांनी शाळेत ऐकलेली आहे. ती दंतकथाच आहे. पण दंतकथा टिकते ती ऐकणाऱ्याला तीत आपले काहीतरी ओळखू येते म्हणून. नगरच्या किल्ल्याजवळ चिंचेच्या एका झाडाखाली वेलस्लीने फराळ केला असेही सांगतात, आणि जुन्या इंग्रजी प्रवासपुस्तकांत ते झाड प्रेक्षणीय स्थळ म्हणून आलेले आहे. सेनापती जेवला ती जागा स्मारक झाली; त्याला वाढणाऱ्यांची चूल कुठे होती याचे स्मारक अर्थातच नाही.

परदेशांतील मोठ्या शहरांविषयीच्या प्रवासपुस्तकांत 'खावे कुठे, प्यावे कुठे' असे एक प्रकरण हमखास असते. मॉन्ट्रिआल असो की लंडन, तो प्रश्न चवीचा, खिशाचा आणि अंतराचा असतो. आपल्याकडे मात्र या प्रश्नाच्या पोटात आणखी दोन प्रश्न दडलेले होते: कोणाच्या हातचे, आणि कोणाच्या शेजारी बसून? मराठीतील शब्दच पाहावेत. अन्नछत्र, धर्मशाळा, मुदपाकखाना, भटारखाना, खाणावळ, मेस, हॉटेल, कँटीन. अन्नछत्रात देणारा पुण्यवान असतो आणि घेणारा याचक. मुदपाकखाना मालकाचा असतो. खाणावळ महिन्याच्या बोलीवर ओळखीच्यांना जेवू घालते. केवळ पैसे टाकून कोणीही अनोळखी माणसाने बसावे आणि त्याला कोणी काही विचारू नये, अशी जागा 'हॉटेल' या शब्दाबरोबर आली, आणि आपण तिला मराठी नावही दिले नाही. ('उपाहारगृह' हा शब्द पाट्यांवर राहिला, बोलण्यात तो कधी उतरला नाही.)

नगर हे शहरच मुळात बाहेरून आलेल्यांनी वसविलेले. मलिक अहमदने १४९० मध्ये बहमनी फौजेचा पराभव केला आणि १४९४ च्या सुमारास सीनेच्या काठी शहराची उभारणी सुरू झाली. निजामशाहीत इराणी, तुर्क, हबशी, दखनी, मराठे असे नाना लोक एका दरबारात वावरत होते. मराठीतील पुलाव, हलवा, मुरंबा, सरबत, मसाला हे शब्द फारसीच्या वाटेने आले. ते नेमके नगरच्या दरबारातून आले असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये, पण दख्खनच्या ज्या शाह्यांतून ते झिरपले त्यांतली ही एक. शहराच्या आग्नेयेस तलावाच्या मधोमध फराहबाग नावाचा महाल १५८३ मध्ये पुरा झाला. आज त्याच्या भिंती आणि कमानी उभ्या आहेत, पाणी मात्र नाही.

पाण्याचे सांगायलाच हवे, कारण नगर हा पर्जन्यछायेतला मुलूख आहे आणि येथे 'प्यावे कुठे' हा प्रश्न चैनीचा कधीच नव्हता. निजामशाहीने कापूरवाडी, भिंगार, शहापूर अशा आसपासच्या ठिकाणांहून मातीच्या खापरी नळांनी पाणी शहरात आणले. स्थापत्य म्हणून ती योजना थक्क करणारी आहे. पण नळाचे पाणी जमिनीखालून जाते तोवर ते सर्वांचे असते; हौदात पडले की ते कोणाचे तरी होते. पुढे जवळजवळ चार शतकांनी, १९२३ मध्ये, मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव मंजूर झाला, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाल्याचे कागदावर आले, आणि कागदावरचे पाणी ओंजळीत यावे म्हणून १९२७ च्या मार्चमध्ये महाडला जावे लागले. नगर जिल्ह्याची कन्या अहिल्याबाई होळकर (जन्म चौंडी, १७२५, तिच्या नावावरून २०२४ मध्ये जिल्ह्याचे नामांतर झाले) हिने भारतभर विहिरी, बारवा, घाट आणि अन्नछत्रे बांधली. तिच्या औदार्याविषयी दुमत नाही. परंतु अन्नछत्राची पंगतही जातवार बसते, ही त्या काळाची चौकट तिलाही ओलांडता आली नसती.

ही चौकट नगरात प्रथम हलली ती, माझ्या मते, दरबारात नव्हे आणि बाजारातही नव्हे, तर मिशनच्या देवळात. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला ठाणे केले. 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये येथूनच निघू लागला. पुढे याच नियतकालिकात १८५५ साली मुक्ता साळवे या मुलीचा मांगमहारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापला गेला. मिशनचा आग्रह असा, की प्रभुभोजनाच्या वेळी जात पाहायची नाही. एका प्याल्याला सर्वांनी ओठ लावायचे. धर्मशास्त्राच्या दृष्टीने तो विधी होता. नगरच्या गल्लीतून पाहणाऱ्याला मात्र तो नुसता प्याला होता, आणि त्या प्याल्याला आधी कोणाचे ओठ लागले हे त्याला ठाऊक होते. बाटण्याची क्रिया म्हणजे नेमके काय, याचे उत्तर त्या काळी कोणी बायबल दाखवून दिले नसते. पाणी दाखवून दिले असते.

मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याला हा सगळा संघर्ष एकाच पुस्तकात सापडतो. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाली. आपण तिच्याकडे विनोदी शैलीचा, स्त्रीच्या आत्मकथनाचा नमुना म्हणून पाहतो. मी गेली काही वर्षे ती वर्गात अन्नाचा इतिहास म्हणून शिकवीत होतो. पुस्तकाची सुरुवातच सोवळ्यापासून होते. सत्तावन्नच्या धामधुमीत सासऱ्याला फाशी झालेले पाहून लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनाने सोवळ्याचा असा ध्यास घेतला, की बाजारातून आलेले जिन्नस धुतल्याशिवाय घरात घ्यायचे नाहीत. भय आणि विटाळ यांची अशी गाठ मराठीत दुसऱ्या कोणी इतक्या सहजपणे दाखविली असेल असे वाटत नाही. त्या घरातली मुलगी नारायण वामन टिळकांना दिली गेली, १८९५ मध्ये टिळक ख्रिस्ती झाले, आणि काही वर्षांच्या ताटातुटीनंतर ती त्यांच्याकडे नगरला आली, ती आपले सोवळे बरोबर घेऊन. नवरा ख्रिस्ती, अंगण मिशनचे, शेजार सर्व जातींचा, आणि त्यात हिची चूल वेगळी, हिचे पाणी वेगळे. धर्मांतराआधी तिला स्वतःशी जो निर्णय करावा लागला तो ईश्वराविषयीचा नव्हता. जातिभेद हा माणसाने केलेला आहे, देवाने नव्हे, असे एकदा मनाने घेतल्यावर तिने कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास सुरुवात केली. बाप्तिस्मा १९०० मध्ये, त्यानंतर झाला. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी घोट, मग श्रद्धा.

पुढे टिळकांच्या या नगरच्या घरात बालकवी ठोंबरे मुलासारखे राहून गेले. बालकवींच्या निसर्गकवितेवर आपण इतके लिहिले आहे. त्यांना त्या काळात ज्या चुलीवरचे अन्न मिळाले ती चूल कशी सर्वांना खुली झाली, हेही कवीच्या चरित्रात आले पाहिजे, असे मला आपले वाटते.

याच्या आधी दहा वर्षे पुण्यात चहाचे प्रसिद्ध ग्रामण्य झाले होते. त्याचा कर्ता नगर जिल्ह्यातला, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी मूळचे संगमनेरचे. माणूस विक्षिप्त, पण समाजाच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवण्याचे त्याचे कौशल्य असामान्य होते. आनंदीबाई १८८३ मध्ये अमेरिकेस गेल्या, फिलाडेल्फियात १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. त्या थंडीत, परक्या अन्नात, त्यांनी शाकाहार आणि लुगडे सोडले नाही, आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, मायदेशी परतल्यावर थोड्याच महिन्यांत, त्या गेल्या. ज्या समाजासाठी तिकडे सारे नियम पाळले त्याच समाजाला, तीन वर्षांनी, गोपाळरावांनी चहाचा पेला पुढे करून विचारले: आता तुमचे काय? पंचहौद मिशनमध्ये त्यांनी पुण्यातील प्रतिष्ठितांना व्याख्यानास बोलावले, चहा-बिस्किटे आली, कोणी प्याले, कोणी पेल्याला नुसता हात लावला, आणि गोपाळरावांनी उपस्थितांची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली. त्यांत रानडे, टिळक आणि गोखले होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, प्रायश्चित्ते झाली. लोकमान्य आणि न्यायमूर्ती ज्यात सापडले तो सापळा साधा होता: एका पेल्याभोवती लावलेला, आणि लावणारा संगमनेरकर. गोपाळरावांनी हे खोडसाळपणाने केले की आनंदीबाईंच्या आठवणीने, यावर माझे आणि माझ्या एका सहाध्यापकाचे वर्षानुवर्षे भांडण आहे. दोन्ही कारणे एकाच माणसात असू शकतात, एवढेच मी म्हणतो.

चहाची गोष्ट निघाली म्हणून नगरच्या किल्ल्याकडे परत जाऊ.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये 'चले जाव'चा ठराव झाला आणि काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य मुंबईत पकडून थेट या किल्ल्यात आणले गेले. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, पंत, कृपलानी, नरेंद्र देव, आसफ अली, सय्यद महमूद, पट्टाभि, शंकरराव देव आणि इतर. नेहरूंनी १९४४ मध्ये येथे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. पण नगरच्या खाण्यापिण्याच्या इतिहासाला जो ग्रंथ हवा तो तोच नव्हे. आझादांची 'गुबार-ए-खातिर' ही पत्रे हवीत. हबीबुर्रहमान खान शेरवानी या मित्राला उद्देशून लिहिलेली, कैदेतून कधीच न पाठविलेली ही पत्रे १९४६ मध्ये ग्रंथरूपाने आली. उर्दू गद्याचा तो एक मानदंड मानला जातो, आणि त्याचा मोठा भाग नगरच्या किल्ल्यातला, भल्या पहाटेचा, चहाच्या पेल्यासमोरचा आहे.

आझाद रात्र सरण्याआधी उठत आणि स्वतःचा चहा स्वतः करीत. चहा चिनी, जाईच्या नावाने ओळखला जाणारा. दूध मुळीच नाही. दुधाचा चहा ही इंग्रजांनी केलेली चूक आणि हिंदुस्थानाने तिचा केलेला अतिरेक, असे त्यांचे ठाम मत. आपण जो चहा पितो तो त्यांच्या मते पातळ हलवा. (महाराष्ट्रातील कोणत्याही टपरीवर हे मत मांडण्याची माझी आजवर छाती झालेली नाही.) साखर शुभ्र आणि खडीची हवी, भुकटी नको. जवाहरलालांना गोडाची आवड इतकी, की गूळही चालतो. साखर आणि गूळ यांतला फरक त्यांना पटवून देण्याचे आपले प्रयत्न कसे वाया गेले, हे आझाद मिश्कीलपणे सांगतात. गुळाचा आणि उसाचा हा जिल्हा. येथे बसून गुळाला नाके मुरडणाऱ्या मौलानांवर आम्हा नगरकरांनी रागावायला हवे, पण त्यांचे गद्य रागावू देत नाही.

मात्र या रसिकतेच्या शेजारीच एक कथा आहे, जिच्यावर वाचक पटकन पुढे सरकतो. कैद्यांसाठी स्वयंपाकी हवा म्हणून शहरातून एक माणूस आणला गेला. पण हे नेते येथे आहेत ही बातमी सरकारला बाहेर जाऊ द्यायची नव्हती. तेव्हा एकदा आत आलेल्या माणसाला बाहेर कसे सोडायचे? पगारावर आलेला स्वयंपाकी जेवण करता करता स्वतःच कैदी झाला आणि त्याची अवस्था बिचाऱ्याची केविलवाणी झाली. आझाद हे विनोदाने सांगतात, आणि विनोद सुंदर आहे. किल्ल्याच्या अधिकाऱ्याला त्यांनी 'चीता खान' असे नाव ठेवले होते. चांदबिबीच्या काळातल्या एका हबशी किल्लेदाराचे ते नाव. इतिहासाचा असा लीलेने उपयोग करणारा लेखक त्या स्वयंपाक्याकडेही इतिहासातले पात्र म्हणून पाहू शकला असता. इतर सर्वांनी राष्ट्रासाठी कैद पत्करली होती. याने स्वयंपाकाची नोकरी पत्करली होती.

याच कोठडीत आझाद चिमण्यांना दाणे घालीत. हळूहळू त्या तळहातावर येऊन बसू लागल्या. याच कोठडीत १९४३ च्या एप्रिलमध्ये त्यांना कलकत्त्याहून पत्नीच्या मृत्यूची बातमी आली. भेटीची सवलत सरकारकडे मागायला त्यांनी आधीच नकार दिला होता. ती पत्रे वाचताना चहाचे वर्णन चैनीचे वाटत नाही. पहाटेचा पेला हीच तेवढी एक गोष्ट त्यांच्या हातात उरली होती.

आता किल्ल्याबाहेर, बाकड्यावर येऊ. युर्गन हाबरमास याने १९६२ च्या आपल्या ग्रंथात लंडनच्या कॉफीगृहांना फार मोठे श्रेय दिले. अनोळखी माणसे दर्जा विसरून एकत्र बसली, वर्तमानपत्रे वाचली, वाद केले आणि त्यातून लोकमत नावाची वस्तू निर्माण झाली. आपल्याकडील समीक्षक ही उपपत्ती मराठी वाङ्मयीन जीवनाला सरसकट लावतात: अमुक हॉटेल, तमुक अड्डा, तेथे जमणारे लेखक. मला त्यांना एकच विचारावेसे वाटते: त्या हॉटेलात कपबश्या किती प्रकारच्या होत्या? महाराष्ट्रातील गावोगावच्या चहाच्या दुकानांत बाकड्यावर बसणाऱ्यांचे पेले निराळे आणि बाहेर उकिडवे बसणाऱ्याचा पेला निराळा, आणि तो त्याने स्वतः विसळून ठेवायचा, ही रीत स्वातंत्र्यानंतरही दीर्घकाळ टिकली. जिल्ह्याच्या दक्षिण भागात माझे आजोळ आहे. तेथील एका दुकानाबाहेर, कडुनिंबाच्या बेचक्यात, कान तुटलेला एक कप ठेवलेला मी लहानपणी पाहिला आहे. तो कोणाचा, असे मी विचारले तेव्हा आजोबांनी 'झाडाचा' असे उत्तर दिले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना नातवासमोर लाज वाटली, एवढे मला आता कळते.

घटनाकारांना हा कप पुरता ठाऊक होता. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तळी आणि घाट यांचा नावानिशी उल्लेख आहे. एखाद्या राष्ट्राच्या मूलभूत कायद्यात हॉटेल आणि विहीर यावी, हे परकीय वाचकाला चमत्कारिक वाटते. आपल्याला वाटू नये. घटनासमितीत २९ नोव्हेंबर १९४८ रोजी या कलमावर चर्चा झाली, तेव्हा 'दुकान' हा शब्द व्यापक अर्थाने घ्यायचा, पैसे घेऊन सेवा देणारा प्रत्येक जण त्यात येतो, असा खुलासा डॉ. आंबेडकरांनी केला. पुढे १९५५ मध्ये अस्पृश्यतेविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला. मी तो बेचक्यातला कप पाहिला तेव्हा या कायद्याला पंधरा वर्षे होऊन गेली होती.

नगर जिल्ह्यातल्या ज्या लेखकाने भूक आणि अन्न हा मराठी आत्मकथनाचा गाभा करून टाकला तो अकोले तालुक्यातील धामणगावचा. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ मध्ये आले. शीर्षकच अन्नाचे: गावकीच्या कामाबद्दल मिळायचा धान्याचा वाटा. मिळायचा म्हणजे मागून आणायचा. हक्क आणि भीक यांतली रेघ त्या एका शब्दात किती पुसट होती, हे त्या पुस्तकाने मराठी वाचकाला प्रथम दाखविले. त्यातील मुंबईची वस्ती 'कावाखाना'. या शब्दाच्या मुळाशी कहवा, म्हणजे कॉफी आहे. लंडनच्या कॉफीगृहात सभ्य लोकमत जन्माला आले, आणि मुंबईच्या कावाखान्यात नगर जिल्ह्यातून पोटासाठी आलेली महारांची बिऱ्हाडे राहत होती, त्यांतल्या एका मुलाने पुढे मराठी साहित्याला हिशेब विचारला. हाबरमासला पूरक वाचन म्हणून यापेक्षा चांगले पुस्तक मला सुचत नाही.

पंक्तिभेद मोडण्याचे आणखी काही प्रयोग याच मातीत झाले. शिर्डीच्या साईबाबांच्या मशिदीत एक मातीचा कोळंबा असे. पाच घरी मागितलेली भिक्षा त्यात एकत्र पडे आणि माणसांपासून कुत्र्यामांजरांपर्यंत कोणीही त्यातून घ्यावे. बाबा कधी स्वतः हंडी चढवीत. १९१८ मध्ये ते गेले. आज तेथील प्रसादालयात एका दिवसात हजारो लोक एकाच सभागृहात जेवतात, आणि २००९ पासून सूर्याच्या उष्णतेवर वाफ करून अन्न शिजविण्याची मोठी यंत्रणा तेथे आहे. कोळंबा आणि ही यंत्रणा यांच्यात भक्ती किती वाढली हे मला सांगता येणार नाही, पण शेजारी कोण बसला आहे हे तेथे कोणी विचारत नाही. नगरजवळ अरणगावला मेहेरबाबांचे मेहेराबाद १९२३ मध्ये सुरू झाले, तेथील एका जुन्या इमारतीला अजून 'मेस क्वार्टर्स' म्हणतात, कारण ती आधी लष्कराची होती. छावणीतून निघालेला हा 'मेस' शब्द आश्रमात गेला, आणि पुढे अहमदनगर कॉलेज १९४७ मध्ये निघाल्यावर विद्यार्थ्यांच्या तोंडी कायमचा बसला. वार लावून जेवणारा विद्यार्थी ज्याच्या त्याच्या जातीच्या घरी जेवत असे. मेसमध्ये महिन्याचे पैसे दिले की संपले. रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांनी तर हे त्याआधीच, सर्व जातींच्या मुलांचा एकत्र स्वयंपाक करून, घडविले होते. मराठी समाजाच्या आधुनिकतेचा इतिहास लिहिताना व्याख्यानमालांइतकेच पान या मेसांना द्यावे, अशी माझी मागणी आहे.

दुष्काळाचे थोडके सांगतो, कारण ते आठवणीतले आहे. १९७२ साली मी दुसरीत होतो. त्या वर्षी नगर जिल्ह्यात 'खावे कुठे' याचे उत्तर एकच होते: खडी फोडण्याच्या कामावर. तेथे सुकडी मिळे. अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोच्या भाकऱ्या घरोघरी थापल्या जात आणि थापता थापता तुटत. सुकडीची चव ज्यांनी घेतली आहे त्यांना ती आवडली होती की नाही हे अजून ठरविता येत नाही. आईने पदराच्या गाठीत बांधून आणलेली गोष्ट आवडते, एवढेच. त्या रांगेत मात्र बेचक्यातला कप नव्हता. उपाशी माणसांनी जात टाकून दिली असा याचा अर्थ कोणी काढू नये. पाणी भरताना ती होतीच.

आणि 'प्यावे कुठे'चा दुसरा अर्थ? प्रवरानगरला १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. उसामागून मळी येते आणि मळीमागून मद्यार्क. ज्या जिल्ह्याने चहाला साखर दिली त्यानेच बाटलीलाही माल पुरविला. याच जिल्ह्यात राळेगणसिद्धीने १९७५ नंतर आपल्या गावातल्या दारूच्या भट्ट्या बंद केल्या, आणि याच जिल्ह्यात २०१७ च्या फेब्रुवारीत, जिल्हा परिषदेच्या निवडणुकीच्या तोंडावर, पांगरमल येथे जेवणावळीतील विषारी दारूने माणसे मेली. मतासाठी घातलेले ते जेवण होते. अन्नछत्र, पंगत, बलुते या सगळ्या जुन्या शब्दांची सावली त्या जेवणावळीवर पडलेली मला दिसते: देणारा मोठा, घेणारा मिंधा.

निवृत्त होण्याच्या आदल्या वर्षी मी पदव्युत्तर वर्गाच्या मुलांना किल्ला दाखवायला नेले. नेत्यांना ठेवले होते त्या इमारतीतल्या खोल्या पाहून झाल्या. एका मुलीने नेहरूंच्या खोलीपेक्षा जास्त वेळ स्वयंपाकघर कुठे होते हे शोधण्यात घालविला; तिने आझादांचे पत्र वाचले होते. बाहेर आल्यावर रस्त्यापलीकडच्या टपरीवर आम्ही चौदा चहा सांगितले. दुधाचे, भरपूर साखरेचे, आले ठेचून घातलेले. टपरीवाल्याने कागदी पेल्यांची चळत काढली. पिऊन झाल्यावर मुलांनी ते चुरगळून डब्यात टाकले आणि बसची वेळ झाली म्हणून सगळे उठले. माझ्या हातात माझा पेला तेवढा राहिला होता. तो विसळायचा नसतो हे मला क्षणभर सुचले नाही.